शंख मिळाला, पण नेमका कुठे? गोड्या पाण्यातल्या गोगलगायींच्या संग्रहासाठी ठिकाणाची नोंद

गवताळ डबक्याच्या कडेने पीठ चाळायची चाळणी फिरवली की मुंबईत बऱ्याचदा पहिल्यांदा हाती लागते ती इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस: तपकिरी, चपटी, चुंबळ ठेवावी तशी एकाच पातळीत गुंडाळलेली. ओळखायला सोपी, भारतभर आढळणारी. पण बाटलीत तो शंख आणि सोबत फक्त 'इंडोप्लॅनॉर्बिस, मुंबई' एवढी चिठ्ठी असेल, तर अभ्यासकाच्या दृष्टीने त्या बाटलीत फारसं काही उरत नाही. जातीचं नाव चुकलं असेल तर उद्या दुसरा जाणकार शंख बघून ते दुरुस्त करील. ठिकाण मात्र शंखाकडे कितीही निरखून पाहिलं तरी कळत नाही. पाण्यात उभं असताना ते लिहिलं गेलं नाही, तर गेलंच.

ही इंडोप्लॅनॉर्बिसच घ्या. अनेक दशकं ती एकच जात मानली गेली. डीएनए तपासायला लागल्यावर या एका नावाखाली एकापेक्षा जास्त वेगळ्या वंशरेषा असल्याचं दिसलं. आता जुन्या बाटल्यांतले नमुने पुन्हा लावायचे, तर त्यातले बरेचसे इतके जुने की त्यांचा डीएनए मिळण्याची आशा कमी. मग हातात उरतं काय? चिठ्ठीवरचं गाव, ओढा आणि तारीख. शिवाय ही गोगलगाय गुरांच्या रक्तात राहणाऱ्या कृमींना आसरा देते, आणि लिम्निया ही तिची शेजारीण यकृतात राहणाऱ्या चपट्या कृमींना. कुठल्या तबेल्यामागच्या कुठल्या नाल्यात ती होती, हे पशुवैद्यालाही हवं असतं. आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाचं. १९५२ साली तिथल्या माणसांमध्ये शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या कृमीचा संसर्ग असल्याचं प्रसिद्ध झालं, आणि पुढे फेरिसिया टेन्युइस ही जेमतेम काही मिलिमीटरची, टोपीसारख्या शंखाची गोगलगाय त्या कृमीची वाहक म्हणून पुढे आली. आजही हा विषय निघाला की अभ्यासक गावाचं नाव घेतात. चिठ्ठीवर नुसतं 'रत्नागिरी जिल्हा' असतं, तर पुढच्या माणसाने कुठली पाणवठ्याची जागा शोधायची?

नोंद चांगली झाली की नाही हे तपासायची एक साधी कसोटी आहे. तुम्हाला कधीही न भेटलेला माणूस, तुमची चिठ्ठी हातात घेऊन, ५० वर्षांनी त्याच काठावर येऊन उभा राहू शकेल का?

गावाचं नाव एवढं सोपं नसतं

नोंद मोठ्याकडून लहानाकडे लिहायची: देश, राज्य, जिल्हा, तालुका किंवा उपनगर, मग पाणवठ्याचं नाव, मग त्या पाणवठ्यावरची जागा. जिल्हा लिहिण्याचा कंटाळा करू नका, आणि तो कुठल्या वर्षीचा जिल्हा हे तारखेवरून कळेल याची खात्री करा. मुंबईच्या आसपास जिल्ह्यांची नावं आणि सीमा बऱ्याच हलल्या आहेत. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला. म्हणजे २०१०च्या चिठ्ठीवरचं 'ठाणे जिल्हा' आणि २०२०च्या चिठ्ठीवरचं 'ठाणे जिल्हा' या दोन वेगळ्या आकाराच्या जागा आहेत.

कुलाब्याचा घोळ तर त्याहून मोठा. जुन्या चिठ्ठीवर नुसतं 'कुलाबा' असेल तर ते मुंबईच्या दक्षिण टोकाचं कुलाबा, की खाडीपलीकडचा कुलाबा जिल्हा, जो १९८१ साली रायगड झाला? एकीकडे समुद्राने वेढलेली, दाट वस्तीची चिंचोळी पट्टी, दुसरीकडे भातखाचरं, ओढे आणि सह्याद्रीच्या उतारापर्यंत गेलेला अख्खा जिल्हा. ओढ्यात राहणारी गोगलगाय असेल तर जिल्ह्याकडे कल जातो, पण ते अनुमान झालं, नोंद नव्हे.

एकाच नावाची दोन ठिकाणं आपल्याकडे पावलापावलावर आहेत. पाली वांद्र्याला आहे आणि बल्लाळेश्वराची पाली रायगडात आहे. गावदेवी, शिवाजी नगर, गांधी नगर यांची तर गणतीच नको. आणि घाईत लिहिलेलं 'विहार' व 'विरार' यांत देवनागरीत काय किंवा रोमन लिपीत काय, फरक एकाच अक्षराचा. एक संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतला तलाव, दुसरं पालघर जिल्ह्यातलं शहर. म्हणून 'विहार' कधी एकटं लिहू नका. 'विहार तलाव' लिहा.

गावाचं नाव देवनागरीत लिहा आणि शेजारी रोमन लिपीतही लिहा. रोमन लिपीत ड आणि द, ळ आणि ल, ठ आणि थ एकसारखे होऊन जातात, आणि मग मूळ नाव कुठलं हे स्थानिक माणसालाही सांगता येत नाही. आकड्यांच्या बाबतीत मात्र उलट सल्ला आहे: अक्षांश-रेखांश आणि तारीख प्रत्यक्ष चिठ्ठीवर इंग्रजी अंकांत लिहा. आपला ४ मराठी न जाणणाऱ्याला इंग्रजी आठासारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी नवासारखा. तुमची बाटली उद्या कुठल्या देशातल्या संग्रहालयात अभ्यासाला जाईल, सांगता येत नाही.

आता पाणवठ्याचं नाव. 'मिठी नदी' एवढंच लिहिलं तर काय होतं पाहा. ही नदी विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्याच्या पाण्यातून निघते, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल करत सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. वरच्या भागात गोडं पाणी, मध्ये सांडपाणी आणि खालच्या टप्प्यात रोज आत-बाहेर करणारी भरती. अशा तीन वेगळ्या जगांना मिळून एकच नाव. मेलॅनॉइडिस ट्यूबरक्युलाटासारखी खारटपणा सोसणारी गोगलगाय तिन्हीकडे चालेल. बाकीच्यांचं तसं नाही. त्यामुळे नदी-नाल्यावर जवळचा पूल, पुलाच्या वरच्या अंगाला की खालच्या, आणि डावा काठ की उजवा, हे लिहायचंच. डावा-उजवा ठरवताना तोंड प्रवाहाच्या दिशेने करायचं. हा संकेत सगळीकडे पाळला जातो, तरी नोंदवहीच्या पहिल्या पानावर तो एकदा लिहून ठेवा.

खुणा सांगताना टिकाऊ खूण निवडा. चहाची टपरी, फलक, एखाद्या इमारतीचं नाव यांच्यावर भिस्त ठेवू नका. या शहरात स्टेशनांचीसुद्धा नावं बदलतात. एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी २०१८ साली झालं. धरणाची भिंत, रेल्वेचा पूल, जुनं देऊळ, लेणी या खुणा जास्त टिकतात. 'पवईच्या उत्तरेला २ किमी' असं लिहिणार असाल तर २ किमी रस्त्याने की सरळ रेषेत, आणि पवईत नेमकं कुठून मोजलं, हेही लिहा.

अक्षांश-रेखांश: आकडा आणि त्याची चूक

नाव बदलतं, जागा बदलत नाही, म्हणून अक्षांश-रेखांश. ते दशांश अंशात घ्यावेत. अंश-मिनिट-सेकंदाच्या भानगडीत चुका फार होतात. समजा जागा १९ अंश ७ मिनिटं ३० सेकंद उत्तर, ७२ अंश ५४ मिनिटं २० सेकंद पूर्व आहे. दशांशात ती १९.१२५० आणि ७२.९०५६ होते. पण कुणी मिनिट-सेकंद तसेच दशांश चिन्हापुढे चिकटवले, १९.०७३० आणि ७२.५४२० असे, तर पवईची गोगलगाय किनाऱ्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर आत अरबी समुद्रात जाऊन पडते. ही चूक निदान नकाशावर टाकताच दिसते. नुसता अक्षांश चुकला आणि रेखांश बरोबर राहिला तर ती जागा साडेपाच-सहा किलोमीटर दक्षिणेला घाटकोपरच्या आसपास सरकते, आणि हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल झाली तर ठिपका नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात उमटतो. म्हणून घरी आल्यावर पहिलं काम: सगळे आकडे नकाशावर टाकून बघणे.

दशांश चिन्हापुढे किती आकडे हवेत? १ अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किमी. मुंबईच्या पट्ट्यात १ अंश रेखांश म्हणजे सुमारे १०५ किमी. त्यामुळे दोनच आकडे लिहिले, १९.१२ आणि ७२.९०, तर एक किलोमीटरभर लांबी-रुंदीचा चौकोन तयार होतो, आणि त्यात तलावाचा काठ, हमरस्ता, पलीकडची वस्ती सगळं मावतं. चार आकडे म्हणजे साधारण ११ मीटर, पाच म्हणजे १ मीटर. फोनने घेतलेल्या नोंदीला चार किंवा पाच पुरेत. फोन आठ-आठ आकडे दाखवतो म्हणून ते सगळे उतरवू नका. मिलिमीटरची अचूकता फोनकडे नसते, आणि आकड्यांची ती लांबी वाचणाऱ्याला फसवते.

फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण ३ ते १० मीटरपर्यंत बरोबर असतो. कान्हेरीच्या घळीतल्या दाट झाडांखाली किंवा उंच इमारतींच्या मधल्या नाल्यात तीच चूक २० ते ५० मीटरवर जाते. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवती जे फिकट वर्तुळ दिसतं ते हेच सांगत असतं. जागेवर एक-दोन मिनिटं स्थिर उभं राहा, वर्तुळ लहान होऊ द्या, मग आकडा घ्या आणि त्याच्यासोबत चूक मीटरमध्ये लिहा. ही चूक कशी काढायची? समजा तुम्ही काठाचा ३६ मीटरचा पट्टा चाळला आणि आकडा त्याच्या मधोमध उभं राहून घेतला. पट्ट्याची अर्धी लांबी १८ मीटर, फोनची चूक ७ मीटर, बेरीज २५. म्हणजे खरी जागा त्या बिंदूभोवती २५ मीटरच्या वर्तुळात कुठेतरी आहे. संग्रहांच्या नोंदींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या डार्विन कोर या मांडणीत या त्रिज्येसाठी वेगळा रकाना आहे. बहुतेक नोंदींत तो रिकामा असतो, आणि त्यामुळे चांगल्या नोंदीही वाया जातात: ५०० मीटरवरच्या दोन ओढ्यांपैकी कुठला, हे विचारणाऱ्याला ही चूक (±) माहीत नसेल तर आकड्याचा उपयोग नाही.

सोबत दोन गोष्टी लिहायच्या. पहिली, आधारपृष्ठ, म्हणजे पृथ्वीचा कुठला ठरीव आकार धरून आकडा मोजला: फोन डब्ल्यूजीएस ८४ नावाचं वापरतो. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांचा आधार वेगळा, 'एव्हरेस्ट' नावाचा होता. त्यावरून वाचलेला आकडा तसाच आजच्या नकाशावर टाकला तर मुंबईत तो शंभर मीटरच्या आसपास सरकतो. दुसरी, आकडा आला कुठून: जागेवर वाचला, की नंतर घरी बसून नकाशावर बोट ठेवून काढला? दोन्ही चालतात, पण ते लिहिलेलं असावं. तलावाचं नाव शोधून मिळणारा बिंदू बहुधा पाण्याच्या मध्यभागी असतो, जिथे कुणीच काठावरची गोगलगाय गोळा केलेली नसते.

उंचीसाठी फोनवर विसंबू नका, ती नकाशावरून घ्या.

फोटोचा आधार चांगला आहे, पण फोटोत दडलेले अक्षांश-रेखांश व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवताना गळून जातात. मूळ फाइल ठेवा, किंवा पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

पाणी कसलं, आणि जीव होता का

चिठ्ठीवरचा सगळ्यात दुर्लक्षित शब्द म्हणजे 'जिवंत'. शंख हलका असतो. आतला जीव मेला की तो गाळात पडतो किंवा पुराबरोबर वाहतो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. अशा पाण्यात वरच्या ओढ्यातला रिकामा शंख खाडीच्या तोंडाशी येऊन पडू शकतो. तिथे तो सापडला ही नोंद खरी, पण ती जात तिथे राहते असं त्यावरून म्हणता येत नाही. म्हणून जिवंत, ताजा रिकामा (चमक शाबूत), की जुना रिकामा (पांढरट, झिजलेला), यातलं एक लिहाच.

पाणवठ्याचा प्रकार एका शब्दात: ओढा, नाला, तलाव, विहीर, दगडी टाकं, पावसाळी डबकं, कारंजं. नैसर्गिक की बांधलेलं. तुळशीची कुंडी किंवा बाल्कनीतली कमळाची टाकी असेल तर तसंच लिहा, आणि पाणवनस्पती बाजारातून आणल्या होत्या का तेही. क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याच्या दुकानांतून मत्स्यपेटीसाठी आणलेल्या वेलींना गोगलगायींची अंडी चिकटून येतात. अशी गोगलगाय 'मुंबईची' म्हणून नोंदली गेली तर ती खरोखर कुठल्या तलावातून आली हे कधीच कळणार नाही.

खोली, तळ (गाळ, रेती, कातळ, पालापाचोळा), झाडी (जलपर्णी, शेवाळ, कमळ), प्रवाह, सावली. पाण्याचं तापमान आणि पीएच मोजायची साधनं असतील तर वेळेसकट मोजा. दुपारी दोनचं डबकं आणि सकाळी सातचं डबकं यांत बराच फरक पडतो. खाडीलगत असाल तर क्षारता आणि भरती होती की ओहोटी, हे हवंच. किती जणांनी किती वेळ शोधलं तेही लिहा, आणि काहीच सापडलं नाही तरी लिहा: 'दोघांनी अर्धा तास शोधलं, मिळाली नाही' ही नोंद दहा वर्षांनी सोन्यासारखी वाटते. हातमोजे आणि गमबूट घाला. पावसाळी पाण्यात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची, भीती असते.

राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, म्हणजे विहार आणि तुळशी तलावांसकट, वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही गोळा करायचं नाही. परवान्याचा क्रमांक नोंदवहीत उतरवा. संग्रहालय नमुना घेताना तो मागतं.

चिठ्ठी

खाली एक नमुना. आकडे उदाहरणापुरते आहेत आणि वाचायला सोपे म्हणून इथे देवनागरीत दिले आहेत:

भारत: महाराष्ट्र: मुंबई उपनगर जिल्हा
पवई तलाव, दक्षिण काठ, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या बाजूने
१९.१२२१ उ., ७२.९०६४ पू. (डब्ल्यूजीएस ८४), ± २५ मी., जागेवर फोनने
खोली ०–३० सेमी, गाळ, जलपर्णीच्या मुळांवर, जिवंत
१४ जुलै २०२४, सकाळी ८.१०–८.४०
संकलक: (पूर्ण नाव) क्र. पव-२४-०७
९५% अल्कोहोल

महिना अक्षरांत लिहा. ३/७/२४ म्हणजे आपल्याकडे ३ जुलै, अमेरिकेत ७ मार्च. पावसाळा आणि उन्हाळा यांची अदलाबदल झाली. संकलकाचं पूर्ण नाव लिहा, आद्याक्षरं नकोत.

चिठ्ठी बाटलीच्या आत हवी. बाहेर डकवलेली चिठ्ठी मुंबईच्या दमटपणात सुटते, तिला बुरशी लागते किंवा कसर ती खाते. आतल्या चिठ्ठीसाठी जाड, न फुगणारा सुती कागद आणि पेन्सिल. पेन्सिलीला अल्कोहोल काही करत नाही. बॉलपेनची शाई काही तासांत विरघळून निळं पाणी उरतं. पिगमेंट शाईचं पेन चालतं, पण लिहून काही मिनिटं वाळू द्या. प्रिंटरची चिठ्ठी वापरायची असेल तर मोहिमेच्या आधी एक तुकडा ९५% अल्कोहोलमध्ये २४ तास बुडवून, बाटली हलवून बघा. काही प्रिंटरची अक्षरं पापुद्र्यासारखी सुटून तरंगायला लागतात. चिठ्ठी पाण्याच्या काठावरच लिहून बाटलीत टाका. संध्याकाळी घरी बसून लिहू म्हटलं की दोन बाटल्यांची अदलाबदल हमखास होते.

एक जागा, एक दिवस, एक बाटली. पन्नास पावलांवरचा दुसरा ओहोळ असेल तर दुसरी बाटली, दुसरा क्रमांक. तोच क्रमांक चिठ्ठीवर, नोंदवहीत आणि त्या जागेच्या पहिल्या फोटोत. नोंदी संगणकावर चढवताना तक्त्यात एक चौकट खाली ओढून भरायची सवय घातक ठरते: 'पव-२४-०७' किंवा तारीख ओढली की पुढच्या ओळींत ती आपोआप एकेकाने वाढते, आणि एका सकाळी गोळा केलेल्या वीस बाटल्या वीस दिवसांवर पसरतात.

सगळीच ठिकाणं सगळ्यांना सांगायची नसतात. सह्याद्रीच्या धबधब्यांच्या ओल्या कातळावर क्रेम्नोकोंकस नावाच्या गोगलगायी राहतात. हे कुळ मुळात समुद्रकाठच्या खडकांवरचं, पण या मोजक्या जाती घाटातल्या गोड्या पाण्यात रमल्या आहेत, आणि त्यातल्या काहींचा मुक्काम एखाद्या घाटापुरताच असतो. अशा वेळी संग्रहालयाच्या नोंदीत पूर्ण आकडा ठेवायचा आणि लोकांसमोर मांडताना तो एका दशांशावर आणायचा. तसं केल्याचं नोंदीत लिहायचं.

शेवटी जुन्या संग्रहांबद्दल. शाळा-कॉलेजांच्या कपाटांत धूळ खात पडलेल्या बाटल्या पुन्हा लावताना जुनी चिठ्ठी कितीही फाटकी, चुकीची किंवा अर्धवट असली तरी ती बाटलीतून काढायची नाही आणि खोडायची नाही. तिच्यावरचे शब्द जसेच्या तसे, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, एका रकान्यात उतरवायचे. आपला अर्थ शेजारच्या रकान्यात. 'विहार' की 'विरार' हे वाचता येत नसेल, तर त्याच संकलकाने त्याच तारखेच्या आसपास आणखी कुठे गोळा केलं ते बाकीच्या बाटल्यांवर पाहा: आदल्या दिवशी पवई आणि दुसऱ्या दिवशी तुळशी असेल तर तलावाकडे कल जातो. मग नव्या कागदावर पेन्सिलीने लिहा, 'विहार तलाव असावा. आदल्या व दुसऱ्या दिवशीच्या बाटल्यांवरून', खाली तुमचं नाव आणि आजची तारीख, आणि ती चिठ्ठी जुनीच्या शेजारी त्याच बाटलीत सोडा.